शुक्रावरच्या वहिनी

आमच्या सिनेमात दोन नायक होते आणि नायिका एकही नव्हती. ‘आमच्या’ म्हणतो, कारण पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक कापडाला मी आणि अब्बांनी टाका घातला होता. बाकीचं श्रेय ज्यांचं त्यांनी खुशाल घ्यावं. सिनेमाचं नाव ‘शुक्राचा सेनापती’. तो अजून कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात माझ्या भाचीची लेक रुखसाना सुट्टीला घरी आली आणि जेवता जेवता तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “नाना, हे तुम्ही शिवलंय ना?” बघतो तर काय, आमचा सेनापती चंदेरी झग्यात उभा आणि त्याच्या शेजारी आमचा दत्तू. रुखसाना पुण्यात कॉलेजला आहे. तिथं म्हणे पोरंपोरी मुद्दाम जमून असले जुने, भडक, नाटकी सिनेमे बघतात, टाळ्या पिटतात, संवाद पाठ म्हणतात. आणि सगळ्यांचं एकमत असं की त्या दोघा वीरांचं एकमेकांवर प्रेम आहे. एकीनं तर त्यावर वीस पानांचा निबंध लिहिलाय. “नाना, तुम्हाला तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही?” तिनं विचारलं. मला ठसकाच लागला. म्हटलं, “बाळा, कळलं की! अख्ख्या थेटराला कळलं. तिथंच तर घोटाळा झाला.” पाणी पिऊन मी तिला सगळं सांगितलं, आणि आता सांगितलंच आहे तर लिहूनही ठेवतो. दत्तूला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “लिही की मर्दा. आता ह्या वयात कोण आपल्याला तालमीतनं भाईर काढणार हाय?”

मंगळवार पेठेत आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मधे स्वयंपाकघर आणि मागं मोरी. दुकानात दोन मशीनं. अब्बांचं इतकं जुनं की ते चाललं की फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या, आणि माझी अम्मी म्हणायची की मशीन थांबलं की मला जाग येते. अब्बांचा एक समज पक्का होता : काम चालू असताना उठलं की हात बदलतो, मग टाका बदलतो. त्यामुळं दुपारचं जेवण आम्ही मशीनवरच उरकायचो, उजव्या हाताला कात्री आणि डाव्या हाताला खिमा-चपाती. अम्मी खिम्यात मूठभर मेथी घालायची, तिचा वास अस्तराच्या कापडाला लागायचा. एका नवऱ्या मुलानं तक्रारही केली होती की शेरवानीला भूक लागल्यासारखं वाटतंय. अब्बा म्हणाले, शुभ आहे, घाला.

गल्लीच्या टोकाला तालीम होती. पहाटेपासून तिथं जोर-बैठकांचा धप्प धप्प आवाज चालायचा. त्या तालमीत दत्तू राहायला होता. राधानगरीकडच्या एका वाडीतला, घरी भाताचं शेत आणि चार म्हशी. तो पहिल्यांदा दुकानात आला तो सदरा शिवायला, कारण बाजारातला तयार सदरा त्याला खांद्यात बसायचाच नाही. अब्बांनी टेप माझ्याकडं फेकली. छाती चव्वेचाळीस भरली. मी दोनदा मोजली. दुसऱ्यांदा कशाला मोजली ते मला तेव्हाही माहीत होतं, आता खोटं कशाला बोलू? त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायला लागला. चहा प्यायचा नाही, अम्मी त्याला दूध द्यायची, आणि “खाके जा बेटा” म्हणून वर चपात्या वाढायची. म्हैस व्याली की तो गावाकडनं खरवस आणायचा, त्यात वेलदोडा जरा जास्तच असायचा. तो मापाच्या स्टुलावर बसून मैदानातल्या कुस्त्या सांगायचा आणि मी काजं करता करता ऐकायचो. मला दत्तू आवडायचा. दोस्त आवडतो तसा नव्हे, त्याच्या पुष्कळ पुढं. असल्या आवडण्याला पेठेत जी नावं होती ती सगळी शिवीच्या जातीची, ती मला माझ्या जिवाला लावून घ्यायची नव्हती. म्हणून मी त्याला नावच दिलं नाही आणि काजं करत राहिलो.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्नाची कापडं शिवण्यात अब्बांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. नवरा आणि नवरीचे शेले ते एकाच ताग्यातून कापायचे आणि काठावर जरीची वेल अशा बेतानं बसवायचे, की एकट्याच्या अंगावर ती अर्धवट वाटावी, आणि दोघं शेजारी उभी राहिली की नवऱ्याच्या खांद्यावरनं निघालेली वेल सरळ नवरीच्या खांद्यावर चढावी. हिंदूंचं लग्न असो की मुसलमानांचं, पेठेतल्या बायका फोटो आला की आधी वेल जुळली का ते बघायच्या. अब्बा ही वेल दुसऱ्या कशावरही लावायचे नाहीत. एका पुढाऱ्यानं सत्काराच्या शालीला मागितली होती, त्याला त्यांनी सरळ वाटेला लावलं.

सिनेमा काढला तो बापूसाहेबांनी. त्यांचं आयुष्य देवादिकांचे सिनेमे काढण्यात गेलेलं. मुंबईला जाऊन त्यांनी कुठलेतरी परदेशी अवकाशवीरांचे सिनेमे पाहिले आणि परत आले ते, “आपण आता शुक्रावर जायचं,” असं म्हणतच. स्टुडिओत रावणाच्या दरबाराचे खांब पडून होते, त्यांना चंदेरी रंग मारला. पाण्याच्या टाकीचं रॉकेट केलं. ज्या बंदुकीतनं किरण सुटायचे ती म्हणजे उसावर औषध फवारायचा पंप, आणि डोक्यावरची शिरस्त्राणं म्हणजे डेचक्या, कान कापलेल्या. कपडे आमच्याकडं आले. बापूसाहेब म्हणाले, मास्तर, चमकायला पाहिजे, बास. मग काय, अब्बांनी साटन, जरी, चमकी, टिकल्या, मोरपिसं, हाताला येईल ते लावलं. खलनायक होता अंधारसम्राट. ते काम तमाशात जन्मभर मावशी केलेल्या एका म्हाताऱ्या कलावंताला दिलं. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. डोळ्यांत काजळ, बोटांत अंगठ्या, आणि चालणं असं की कमरेआधी पदर पोचायचा. बापूसाहेब ओरडले, जरा सम्राटासारखं चाला की! मावशी म्हणाले, “तीस वर्सं अशीच चाललोय. आता अवकाशात जाऊन चाल बदलू व्हय?”

दत्तूला तालमीतनं उचलून भाला धरून उभं राहायचं काम दिलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. सेनापती आणि राणी चंद्रिका, अशी मूळ गोष्ट. दोघांचे शेले अब्बांनी वेल लावूनच शिवले होते, कारण शेवटी त्यांचं लग्न होतं. निम्मं चित्रीकरण झालं आणि राणीला कावीळ झाली. ती गेली माहेरी. स्टुडिओ आठच दिवस हातात. बापूसाहेब दोन तास डोकं धरून बसले, मग त्यांची नजर दत्तूवर गेली. “ए पैलवान, वाचता येतं का?”

“येतंय की.”

“मग झालं. राणी गेली, अंगरक्षक आला.”

आणि खरंच त्यांनी तेवढंच केलं. वहीत जिथं जिथं राणी होती तिथं अंगरक्षक लिहिलं, क्रियापदं बदलली, बाकी एक ओळ हलवली नाही. कुणीतरी दबकत म्हणालं, साहेब, ही वाक्यं जरा बाईमाणसाची वाटतात. बापूसाहेब खेकसले, “दोस्तीत माणसं बोलत न्हाईत व्हय? जीवाभावाची दोस्ती हाय ती!” त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. त्यांना फक्त सिनेमा पुरा करायचा होता.

त्याच आठवड्यात अब्बा नेसरीला एका लग्नाच्या कापडांसाठी चार दिवस गेले. जाताना मला म्हणाले, “इक्बाल, राणीचा शेला दत्तूच्या मापाला वाढव. आणि वेल उसवून टाक, साधी पट्टी लाव. दोन बाप्यांच्या अंगावर लग्नाची वेल नको. पेठेतली माणसं सिनेमा बघणार हाईत.” मी हो म्हटलं. शेला वाढवला, खांद्याकडं कापडाचा जोड दिला, अस्तर बदललं. वेल उसवायला बसलो आणि पहिल्या टाक्याशी कात्री नेली, ती तशीच मागं घेतली. मला ती दत्तूच्या अंगावर बघायची होती. एवढंच कारण. अब्बा परत आले तेव्हा उसवली म्हणून ठोकून दिलं. स्टुडिओत शेला चढवताना एकट्या मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी काठावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “झ्याक जुळवलाईस. कुणासाठी जुळवलाईस ते इचारत न्हाई.” माझ्या गालावर टिचकी मारून ते काजळ घालायला गेले.

सिनेमा पुरा होऊन थेटरात लागला, शुक्रवारी पहिला खेळ. सगळी पेठ लोटलेली. अम्मी बायकांच्या बाजूला, तालमीतली पोरं एका रांगेत, मधोमध दत्तू नवा सदरा घालून. मी दोन रांगा पुढं, अब्बांच्या शेजारी. रॉकेट उडालं तेव्हा लोक गप्प झाले, टाकी ओळखली तरी गप्प झाले. मग पडद्यावर दत्तू आला. लाजऱ्या आवाजात म्हणाला, “सेनापती, तुमच्याविना ह्या शुक्रावर मला एक श्वासही घेववत नाही.” थेटरात खसखस पिकली. सेनापतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोघं आकाशाकडं वळले, शेले शेजारी आले, आणि जरीची वेल ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर सरसर चढली. बायकांतनं एक आवाज आला, “अगं बया! ही तर नवरा-नवरीची वेल! माझ्या नणंदंच्या लग्नात हीच हुती!”

झालं. थेटर फुटलं. शिट्ट्या, टोप्या वर. मागनं कुणीतरी ओरडलं, “वहिनी आल्या!” त्यानंतर दत्तू पडद्यावर आला की दोनशे गळ्यांतनं “वहिनी आल्या!” मी वळून बघितलं. दत्तू ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तो माझ्याकडंच बघत होता. मी मान खाली घातली. सिनेमा संपेपर्यंत वर काढली नाही. वर बघितलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती.

सोमवारपर्यंत पेठभर झालं. वहिनी, भाजी घेतली का? वहिनी, डोक्यावर पदर घ्या. तालमीच्या वस्तादांनी त्याला बोलावून सांगितलं, “सिनेमा उतरंपातुर हिकडं येऊ नगंस. म्हैन्यावर मैदान आलंय. तिथं कुणी वहिनी म्हणून हाक मारली तर तुझं सोड, माझ्या बाकीच्या पोरांनी मान वर कशी करायची?” त्या मैदानासाठी दत्तू दोन वर्षं घाम गाळत होता. तिथं एक कुस्ती मारली की त्याचं नाव होणार होतं, नाही तर परत म्हशींमागं. त्यानं ट्रंक उचलली आणि तो गावी गेला. दुकानावरनं गेला नाही, मागच्या गल्लीनं गेला. हे मला अम्मीनं सांगितलं, ती मोरीत भांडी घासत होती तेव्हा तिला तो दिसला होता.

अब्बा तीन दिवस मशीन चालवत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी भर कामात मशीन थांबवलं. असं कधी होत नसे, अम्मी आतनं बघायला आली.

“वेल उसवली म्हणालतास.”

“न्हाय उसवली.”

“का?”

मी सुई अस्तरात टोचून ठेवली. शेवटी म्हटलं, “जुळत हुती म्हणून.”

अब्बांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं नव्हे. पेचातलं कापड हातात घेऊन ते जसे बघायचे, तसं. मग म्हणाले, “शिंप्याची चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगायची. दुकानात बसून न्हाई. जा. आणि अम्मीकडनं डबा घे.” त्यांना किती कळलं होतं? मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पण पुढं नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा विषय काढला की अब्बा काही न बोलता मशीन चालू करायचे, आणि त्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू जायचं नाही. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलं नाही.

एसटीनं गेलो, वाडीपर्यंत चालत. दत्तू गोठ्यात धार काढत होता. माझ्याकडं बघून त्यानं परत म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं. मी दारातच भडाभडा बोलायला सुरुवात केली, तर म्हणाला, “गप. परकं माणूस बोलाय लागलं की म्हस पान्हा चोरती. चारी हुईपातुर बस.” मग मी पेंढ्यावर बसलो, डबा मांडीवर घेऊन. चार म्हशी. आयुष्यात वेळ मला एवढा लांब कधी वाटला नाही. शेवटची झाली, त्यानं हात धुतले, समोर येऊन उभा राहिला. “बोल.”

“अब्बांनी वेल उसवाय सांगितलती. मी ठेवली. तुझ्या अंगावर बघायची हुती मला.” मी डबा पुढं केला. “तुझी तालीम गेली माझ्यापायी. मार हवं तर.”

त्यानं डबा उघडला. चपातीत खिमा घेतला, एक घास खाल्ला. “मला म्हायती हुतं,” तो म्हणाला.

“काय म्हायती हुतं?”

“वेल. माझ्या थोरल्या भणीच्या लग्नाची कापडं तुमच्याकडनंच शिवल्याली की. शेला अंगावर चढला तवाच बघितली.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू लावलीवतीस. मग कशाला बोलू?” अजून एक घास. “मला वाटलं, ते आपल्या दोघास्नीच कळंल. सगळ्या थेटराला कळंल असं काय वाटलं नव्हतं.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तो मात्र हसला नाही. “वहिनी म्हणाले त्येचा राग न्हाय आला मला,” तो म्हणाला. “तालमीत ह्यापेक्षा वंगाळ बोलत्यात. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू मान खाली घातलीस. त्येचा आला.”

ते खरं होतं. आजही ते आठवलं की मला जेवण जात नाही. दत्तूनं डबा पुसून परत दिला. “खेळ चालूच हाय न्हवं? ऐतवारी तीनला जाऊ. शेजारी बसायचं. आणि मान वर.”

पुढचं आधी उरकून टाकतो. त्या मैदानात हाक आलीच. दत्तूनं हाक मारणाऱ्याला रामराम केला आणि समोरच्या गड्याला आस्मान दाखवलं. वस्तादांनी त्याला खांद्यावर घेतलं. काही वर्षांनी त्याचं लग्न झालं, पोरं झाली, त्याच्या बायकोचे झंपर मीच शिवले. माझं लग्न झालं नाही. तो महिन्यातनं दोनदा येतो, अजून येतो, अजून चहा पीत नाही. आमच्यात काय होतं आणि काय नव्हतं ते रुखसानानं विचारलं, मी सांगितलं नाही, आणि इथंही सांगणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

थेटर शुक्रवारपेक्षा जास्त भरलं होतं, कारण आता लोक हसायलाच येत होते. आम्ही मधल्या रांगेत शेजारी शेजारी बसलो. माझे कान तापले होते. पडद्यावर दत्तू आला आणि चारी बाजूंनी आरोळी उठली, “वहिनी आल्या!” मी मान वर ठेवली, कशी ठेवली ते मलाच माहीत. आणि शेजारचा दत्तू उठून खुर्चीवर उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, त्याची सावली थेट पडद्यावर शुक्रावर पडली.

“व्हय, आल्या की!” तो गरजला. “बोला भावजी, काय काम हाय?”

मग असा हशा झाला की पत्रे हलले, पण हा हशा वेगळा होता. मागनं कुणीतरी ओरडलं, “पाया पडतो वहिनी!” दत्तूनं हात वर केला. “औक्षवंत व्हा! आता बसा खाली सगळी. माझं सेनापती दिसंना झालंत!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो पडद्यावर आला की टाळ्याच पडत होत्या, आणि शेले शेजारी आले, वेल जुळली, तेव्हा बायकांतनं कुणीतरी खुशीत “बघा बघा, जुळली” असं म्हणालं.

दत्तू खाली बसला. त्याचा श्वास जोरात चालला होता, कुस्ती करून आल्यासारखा. अंधारात त्याचा हात माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला. घामेजलेला, जड, बोटांना घट्टे पडलेले. मी हललो नाही. पडद्यावर अंधारसम्राट नाचत होते, रॉकेट धूर सोडत होतं, मला त्यातलं काही दिसलं नाही. मग मध्यंतर झालं आणि भस्सकन सगळे दिवे लागले. शेंगावाला ओरडत आत आला, माणसं उठली, तालमीतली पोरं आमच्याच दिशेनं यायला लागली. मी घाबरून हात ओढायला बघितला.

“चल की,” मी म्हटलं, “शेंगा घेऊ.”

त्यानं पकड घट्ट केली. “बस,” तो म्हणाला. “दिवे हाईत तवर बसू.”